बायपास ठरली आहे आणि शुगरही आहे

अँजिओग्राफीचा रिपोर्ट येतो, तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉक असल्याचं कळतं, डॉक्टर बायपास सुचवतात आणि त्या क्षणापासून घरातल्या बोलण्यातून मधुमेह नाहीसा होतो. हृदयाचं एवढं मोठं ऑपरेशन पुढ्यात असताना शुगरचं काय घेऊन बसायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण ऑपरेशन उत्तम होऊनही छातीची जखम भरत नाही, पायाच्या टाक्यांतून पू येतो, रुग्णालयातला मुक्काम लांबतो, तेव्हा बेताल साखर हे त्यामागचं एक मोठं कारण असतं. आणि इतर अनेक कारणांसारखं ते हाताबाहेरचं नसतं.

हा प्रश्न थोड्या लोकांचाही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि प्रमाणात सगळ्यात पुढे गोवा आहे : तिथे २६.४ टक्के. मधुमेहात हृदयाच्या रक्तवाहिन्या एकाच जागी न अरुंद होता लांबवर आणि अनेक ठिकाणी अरुंद होतात. म्हणून बऱ्याच मधुमेहींना स्टेंटपेक्षा बायपास अधिक मानवते. २०१२ साली आलेल्या ‘फ्रीडम’ या १,९०० मधुमेही रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अॅटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काही घडण्याचं प्रमाण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के होतं, बायपासच्या गटात १८.७ टक्के. (पक्षाघात तेवढा बायपासच्या गटात जास्त होता, हेही सांगायला हवं.) ‘मला स्टेंट का नाही?’ असं विचारणाऱ्या मधुमेही रुग्णाला सर्जन जे उत्तर देतात, त्यामागे हा अभ्यास असतो.

या लेखातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. ऑपरेशनच्या काळात शुगर ‘नॉर्मल’ आणायची नसते. ती साधारण १०० ते १८० मिलिग्रॅमच्या मध्ये राखायची असते, चढउतार न होऊ देता. ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूतले दोन-तीन दिवस हे काम रुग्णालय करतं. त्याच्या आधीचे आणि नंतरचे आठवडे मात्र तुमच्या आणि तुमच्या घरच्यांच्या हातात असतात, आणि घोटाळे बहुधा तिथेच होतात.

काही खाल्लं नाही, तरी शुगर का चढते?

आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. रात्रीपासून पाण्याचा घोट नाही आणि मशीन २३० दाखवतं, हे कसं? मोठं ऑपरेशन म्हणजे शरीराच्या लेखी मोठा आघात. त्याला तोंड द्यायला शरीर अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं भराभर सोडतं. ती यकृताला साठवलेली साखर रक्तात ओतायला लावतात आणि इन्सुलिनचा परिणाम बोथट करतात. हृदय थांबवून रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनवर घेतलं असेल आणि शरीर थंड केलं असेल, तर इन्सुलिन आणखी कमी चालतं. रक्तदाब सावरण्यासाठी अॅड्रिनॅलिनसारखी औषधं चालू असतील, तर तीही साखर वर ढकलतात. ज्यांना मधुमेह नाही अशांचीही शुगर या काळात चढते. त्यामुळे ‘बाबांनी पथ्य पाळलं नाही म्हणून वाढली’ असं म्हणून कुणाला बोल लावू नका.

वाढलेली साखर नुसती आकड्यापुरती वाईट नसते. १८०च्या वर ती लघवीवाटे जायला लागते आणि शरीरातलं पाणी व क्षार सोबत ओढून नेते. जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी साखरेने भरलेल्या रक्तात नीट काम करत नाहीत. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापून, काम झाल्यावर स्टीलच्या तारांनी पुन्हा बांधलेलं असतं. त्या हाडापर्यंत जंतू पोचले तर अँटिबायोटिकं, पुन्हा ऑपरेशन आणि आठवड्यांचा मुक्काम पदरात पडतो. अमेरिकेत पोर्टलंड इथल्या डॉक्टरांनी २,४६७ मधुमेही रुग्णांची नोंद ठेवली. त्वचेखाली अधूनमधून इन्सुलिन टोचण्याऐवजी ते शिरेतून सतत द्यायला लागल्यावर हाडापर्यंतचा हा संसर्ग २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आला. हा निबंध १९९९ सालचा. आज आयसीयूत दिसणाऱ्या इन्सुलिन पंपाला त्याने मोठं बळ दिलं.

तारीख ठरल्यापासून

पहिली तपासणी एचबीए१सी. मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर यातून कळते. ठरवून करायच्या ऑपरेशनाआधी हा आकडा शक्यतो ८च्या खाली असावा, असा आजचा सर्वसाधारण संकेत आहे. तो १० किंवा ११ असेल आणि हृदयाची स्थिती थांबण्याजोगी असेल, तर ‘काही आठवडे शुगर सुधारून मग ऑपरेशन करता येईल का?’ हे सर्जनना जरूर विचारा. पण डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा ब्लॉक असेल, बसल्या जागी छातीत दुखत असेल, तर शुगरसाठी थांबायचं नसतं. इन्सुलिन देत ऑपरेशन करता येतं आणि तसं ते रोज होतं. थांबायचं की नाही हा निर्णय सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञांचा. ‘शुगर नॉर्मल झाल्याशिवाय आम्ही सही करणार नाही’ असा हट्ट घरच्यांनी धरू नये.

एचबीए१सीवर डोळे झाकून विसंबू नये असेही रुग्ण असतात. ज्यांना नुकतंच रक्त चढवलं आहे, ज्यांचं डायलिसिस चालू आहे, ज्यांना रक्तक्षय आहे, त्यांचा आकडा फसवा येऊ शकतो. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या अनेक घरांत सिकलसेल आहे. त्या रुग्णांत लाल पेशी लवकर मरतात, म्हणून एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो आणि सगळं आलबेल वाटतं. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ते स्वतःहून सांगा. मग ते रोजच्या ग्लुकोमीटरच्या नोंदींवर किंवा फ्रुक्टोसामीनच्या तपासणीवर भर देतील.

दोन आठवड्यांत एचबीए१सी फारसा हलत नाही, पण रोजची शुगर हलते, आणि ऑपरेशनच्या टेबलावर जी साखर घेऊन जायचं ती रोजचीच असते. म्हणून उरलेले दिवस थोडे असले तरी वाया गेलेले नाहीत. याच टप्प्यावर अनेकांना इन्सुलिन सुरू केलं जातं आणि घरात रडारड होते. ‘एकदा इन्सुलिन लागलं की सुटत नाही’ ही समजूत इतकी खोल रुजली आहे की लोक महत्त्वाचे दोन आठवडे घासाघीस करण्यात घालवतात. टाइप २ मधुमेहात ऑपरेशनपुरतं सुरू केलेलं इन्सुलिन पुढे अनेकांचं बंद होतं. काहींना ते चालू ठेवावं लागतं, कारण त्यांना त्याची गरज आधीपासूनच होती. दोन्ही बाबतींत ते घेण्यात तोटा नाही.

तंबाखू, बिडी, सिगारेट आणि मिश्री आजच बंद. मिश्रीचा वेगळा उल्लेख अशासाठी की घरातल्या बायकांना ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की त्या नाही म्हणतात आणि ते त्यांच्या दृष्टीने खरंच असतं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखमेला रक्त कमी पोचतं.

पाय नीट तपासा. बोटांच्या बेचक्यातलं चिखल्यांसारखं ओलसर सोलवटणं, टाचेची भेग, न दुखणारी जखम, नखाखालचा पू, जे असेल ते सर्जनना दाखवा. बायपाससाठी बहुधा पायातलीच शीर काढतात, आणि त्याच पायावर जंतू घर करून असतील तर ते आधी हटवायला हवेत. दातांचंही तसंच. झडपेचं ऑपरेशन असेल तर दात दाखवणं टाळूच नका. छातीवरचे किंवा पायावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. त्याने त्वचेवर बारीक जखमा होतात आणि जंतूंना वाट मिळते. रुग्णालयात ते क्लिपरने काढतात.

गोळ्यांची पिशवी

सगळ्यात जास्त काळजी मला या भागाची वाटते, म्हणून इथे जरा थांबतो.

भरतीच्या वेळी डॉक्टर विचारतात, ‘शुगरच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ उत्तर येतं, ‘एक पांढरी सकाळी, एक पिवळी रात्री.’ याने काम भागत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, इन्सुलिनची पेनं, हृदयाच्या गोळ्या, अॅसिडिटीच्या गोळ्या, काढे आणि चूर्णं एका पिशवीत भरून ती ऑपरेशनच्या किमान आठवडाभर आधी दाखवायला न्या. भरतीच्या दिवशी नेली तर उशीर होऊ शकतो. तो कसा, ते पाहा.

पट्टी उलटी करा. ठळक अक्षरांत ब्रँडचं नाव असतं, त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचं नाव. त्या बारीक अक्षरांत शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेला शब्द आहे का बघा : डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन. ही चांगली औषधं आहेत. हृदय आणि मूत्रपिंड दोन्हींना त्यांचा फायदा होतो. पण ऑपरेशनाआधी ती किमान तीन दिवस बंद करावी लागतात, एर्टुग्लिफ्लोझिन असेल तर चार दिवस. ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. उपास आणि ऑपरेशनचा ताण यांची त्यात भर पडली की शरीर इंधनासाठी चरबी जाळू लागतं आणि रक्तात आम्ल साठतं. याला कीटोअॅसिडोसिस म्हणतात. एरवी या आजारात शुगर ४००-५००वर जाते आणि सगळे सावध होतात. या गोळ्यांवर ती १६०-१७० असतानाही आम्ल साठू शकतं. ग्लुकोमीटरचा आकडा छान, आणि रुग्णाला मळमळ, पोटदुखी, धाप. हे बायपासनंतरच्या नेहमीच्या त्रासांसारखंच दिसतं, म्हणून निदान चुकू शकतं.

फसगत दोन ठिकाणी होते. एक, ही औषधं आता मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन किंवा लिनाग्लिप्टिनबरोबर एकाच गोळीत मिळतात, त्यामुळे ‘मी फक्त मेटफॉर्मिनची गोळी घेतो’ म्हणणाऱ्याच्या गोळीत ग्लिफ्लोझिन असू शकतं. दोन, हृदयाचं पंपिंग कमी असेल तर हृदयरोगतज्ज्ञ हेच औषध हृदयासाठी देतात. रुग्णाच्या लेखी ती ‘हार्टची गोळी’ असते, आणि शुगरच्या गोळ्यांच्या यादीत ती कधीच येत नाही. म्हणून पिशवीत सगळंच हवं. स्वतःच्या मनाने मात्र काहीही बंद करू नका. कोणती गोळी कोणत्या तारखेपासून थांबवायची, हे कागदावर लिहून मागा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मेटफॉर्मिन साधारणपणे ऑपरेशनच्या दिवशी देत नाहीत. मूत्रपिंड अशक्त असेल तर आधीपासून थांबवतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर शुगर धोकादायक खाली जाते, म्हणून ऑपरेशनच्या सकाळी त्या नकोत. सेमाग्लुटाइडसारखं आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. त्याने पोट हळू रिकामं होतं आणि भूल देताना पोटातलं अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. रात्रीचं लाँग-अॅक्टिंग इन्सुलिन पूर्ण बंद करत नाहीत. आदल्या रात्री ते नेहमीच्या साधारण ७५ ते ८० टक्के देतात. आपल्याकडे ३०/७० असं मिश्र इन्सुलिन घेणारे खूप आहेत. त्यात जलद इन्सुलिनही असल्याने उपाशीपोटी नेहमीचा डोस घेणं घातक ठरू शकतं. त्याचा आदल्या दिवसाचा आणि त्या सकाळचा डोस डॉक्टरांकडून आकड्यांत लिहून घ्या. ज्यांना टाइप १ मधुमेह आहे त्यांचं मूळ इन्सुलिन एक दिवसही पूर्ण थांबवायचं नसतं, मग पोटात काही असो वा नसो. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचं चूर्ण, कुणी दिलेली पुडी, हेही सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

शक्य असेल तर ‘आमचं ऑपरेशन सकाळी पहिलं घ्याल का?’ असं विचारून बघा. उपासाचे तास जितके कमी तितकी शुगर सावरायला सोपी.

पंप, पोटॅशियम आणि १८०

थिएटरमधून बाहेर आल्यावर रुग्णाच्या खाटेशेजारी एक छोटा सिरिंज पंप दिसतो. त्यात ५० मिलिलिटरची सिरिंज आडवी बसवलेली असते. सर्वसाधारणपणे ५० मिलिलिटर सलाइनमध्ये ५० युनिट साधं इन्सुलिन मिसळतात, म्हणजे १ मिलिलिटरला १ युनिट. पंपावर २.५ दिसलं तर तासाला अडीच युनिट चाललं आहे. सिस्टर सुरुवातीला दर तासाला रक्त तपासतात, आकडा तक्त्यावर लिहितात आणि त्यानुसार पंपाचा वेग वाढवतात, घटवतात किंवा पंप थांबवतात. रात्री तीन वाजताही हे चालूच असतं. या काळात रक्त बोटाऐवजी धमनीतल्या नळीतून घेणं चांगलं, कारण हात गार पडलेले किंवा सुजलेले असतील तर बोटाच्या रक्ताचा आकडा चुकू शकतो.

त्याबरोबर पोटॅशियमही वरचेवर तपासतात. इन्सुलिन साखरेसोबत पोटॅशियमही पेशींत ढकलतं आणि रक्तातलं पोटॅशियम खाली आलं की नुकत्याच शिवलेल्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ‘शुगरसाठी एवढी रक्तं कशाला काढता?’ या प्रश्नाचं उत्तर बरंचसं यात आहे.

आता तो १८०चा आकडा. काही नातेवाईक १६५ वाचून घाबरतात, कारण घरी उपाशीपोटी ११०ला शाबासकी मिळालेली असते. डॉक्टरांनीही एके काळी तसाच विचार केला होता. २००१ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथे सर्जिकल आयसीयूतल्या १,५४८ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यांत बहुसंख्य हृदयाच्या ऑपरेशनचे होते. साखर ८० ते ११०मध्ये काटेकोर ठेवल्यावर आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभरच्या आयसीयूंनी तो आकडा उचलला. मग २००९ साली ‘नाइस-शुगर’ हा ६,१०४ रुग्णांचा अभ्यास आला आणि चित्र उलटलं. त्यात काटेकोर गटातले मृत्यू २७.५ टक्के होते आणि १८०पर्यंत मोकळीक दिलेल्या गटात २४.९ टक्के. शुगर अतिशय खाली जाण्याचे प्रसंग काटेकोर गटात ६.८ टक्के रुग्णांना आले, दुसऱ्या गटात अवघ्या ०.५ टक्के रुग्णांना. भूल दिलेला, नळी घातलेला माणूस ‘मला गरगरतंय’ असं सांगू शकत नाही. त्याची साखर ४०पर्यंत खाली आली तर ते फक्त मशीनला कळतं. म्हणून आज १००च्या वर आणि १८०च्या आत, हा मधला मार्ग धरला जातो. १६५ हा आयसीयूत चांगला आकडा आहे.

एक नाजूक क्षण मात्र येतो : पंप बंद करून त्वचेखालच्या इन्सुलिनवर येण्याचा. शिरेतलं इन्सुलिन थांबवलं की त्याचा परिणाम मिनिटांत संपतो, आणि लाँग-अॅक्टिंग इंजेक्शन चालू व्हायला तास-दोन तास लागतात. म्हणून ते इंजेक्शन पंप बंद करण्याच्या साधारण दोन तास आधी द्यायचं असतं. हे राहून गेलं तर वॉर्डात आल्या आल्या शुगर ३००वर पोचते. आयसीयूतून हलवताना ‘लाँग-अॅक्टिंग दिलंय का?’ एवढं सौम्यपणे विचारायला काहीच हरकत नाही.

वॉर्डातलं ताट

ऑपरेशननंतरचे काही दिवस तोंडाला चव नसते, भूक मेलेली असते, पोट साफ होत नाही. इथे घरच्यांकडून दोन्ही टोकं गाठली जातात. काहीजण अशक्तपणा जावा म्हणून ग्लुकोजचं पाणी, मोसंबीचा रस, नारळपाणी, शिरा यांचा मारा करतात. काहीजण शुगरच्या धास्तीने भात, पोळी सगळं बंद करून नुसती काकडी पुढे ठेवतात. दोन्ही चूक. जखम भरायला प्रथिनं लागतात : मुगाचं घट्ट वरण, पिठलं, उसळ, ताक-दही, पनीर, आणि खाणाऱ्यांसाठी अंडं, मासे, चिकन. सोबत एखादी भाकरी किंवा पोळी, भाजी आणि थोडा भात चालतो. फळ खायचं तर चावून खावं, त्याचा रस नको. नारळपाणी मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असलेल्यांनी न विचारता पिऊ नये. झडपेच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ करायला वॉरफॅरिन चालू असेल तर पालेभाज्या बंद करायच्या नसतात, पण त्यांचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जेवणाआधी इन्सुलिन दिलं आणि मग ताट तसंच परत गेलं, तर शुगर कोसळते. ‘सिस्टर, बाबांनी अर्धीच पोळी खाल्ली,’ हे वाक्य लगेच सांगायचं. ताट झाकून बाजूला ठेवायचं आणि संकोचाने गप्प बसायचं, असं करू नका. कमी खाणाऱ्या रुग्णांना डॉक्टर जेवणानंतर, जेवढं पोटात गेलं त्या मानाने, इन्सुलिन देण्याची सोय करू शकतात.

शुगर ७०च्या खाली जाणं म्हणजे हायपो. एरवी हात थरथरतात, छातीत धडधडतं. पण बायपासनंतर बहुतेकांना मेटोप्रोलॉलसारखी ठोके हळू करणारी गोळी असते आणि ती नेमकी ही दोन लक्षणं झाकते. घाम मात्र झाकला जात नाही. कारण नसताना दरदरून घाम, एकाएकी चिडचिड, असंबद्ध बोलणं किंवा अवेळी गुंगी दिसली, तर आधी शुगर तपासा. कमी असेल तर चहाचे तीन भरलेले चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. पेढा किंवा चॉकलेट इथे कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धतेने साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. वॉर्डात असाल तर सिस्टरना हाक मारा, घरी असाल तर १०८ला फोन करा.

घरी आल्यावर

डिस्चार्जच्या कागदावर औषधांची लांबलचक यादी असते. ती घेऊन निघण्याआधी चार गोष्टी तोंडी विचारून घ्या : इन्सुलिन किती आणि कधी, जुन्या शुगरच्या गोळ्यांपैकी कोणत्या आजपासून घ्यायच्या, कोणत्या अजून बंद, शुगर किती आली तर फोन करायचा. ग्लिफ्लोझिनची गोळी खाणंपिणं पूर्ववत झाल्यावर, डॉक्टरांनी सांगितल्यावरच पुन्हा सुरू होते. घरात जुनी पट्टी शिल्लक आहे म्हणून ती आपोआप चालू करू नका.

पहिले काही आठवडे उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि झोपताना अशी शुगर तपासून वहीत लिहा. घरी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८०च्या आत हे बहुतेकांचं लक्ष्य असतं. फार वय झालेल्यांना डॉक्टर थोडी मोकळीक देतात. ऑपरेशनचा ताण ओसरला, चालणं वाढलं की इन्सुलिनची गरज कमी होऊ लागते. रुग्णालयात ठरलेला डोस तसाच चालू राहिला तर दोन-तीन आठवड्यांनी हायपो येऊ लागतात. वहीतले आकडे खाली सरकताना दिसले की पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.

जखम रोज उजेडात बघा. मधुमेहात नसा बधिर झालेल्या असतात आणि कित्येकदा पू झाला तरी दुखत नाही, म्हणून ‘दुखत नाही ना, मग ठीक आहे’ हा निकष इथे लागू नाही. टाक्यांभोवती लाली पसरणं, पाणी किंवा पू येणं, ताप, खोकताना किंवा कूस बदलताना छातीच्या हाडात ‘कट्’ असा आवाज किंवा हाड हलल्यासारखं वाटणं, आणि कारण नसताना शुगर एकदम २५०च्या वर जाऊन तिथेच टिकणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. वाढलेली शुगर ही पुष्कळदा संसर्गाची पहिली खूण असते. जखमेवर हळद, तेल, राख काही लावायचं नाही. पाय गार पडतात म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. बधिर पायाला चटका कळत नाही आणि नवी जखम तयार होते. घरातही चप्पल घाला. हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर पाण्याची भरलेली बादली उचलणं, दुचाकी चालवणं, नातवाला कडेवर घेणं नको.

पुढचा एचबीए१सी कधी करायचा, हेही विचारून ठेवा. ऑपरेशनमध्ये रक्त चढवलं असेल तर तीन महिन्यांच्या आत केलेल्या तपासणीतून खरी परिस्थिती कळत नाही.

आणखी एक. बायपासच्या आधीच्या तपासण्यांमध्येच कित्येकांना आपल्याला मधुमेह असल्याचं पहिल्यांदा कळतं. तो कित्येक वर्षं अंगात असतो, फक्त कुणी रक्त तपासलेलं नसतं. ज्यांच्या घरात असं ऑपरेशन झालं आहे त्यांच्या भावंडांनी आणि मुलांनी स्वतःची शुगर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यायलाच हवं. तिशीपुढच्या सर्वांसाठी शुगर आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. रुग्णाला पहिल्या फेरतपासणीला घेऊन जाल, त्याच आठवड्यात तुमचीही करून घ्या.